शंभर कोरुनांची भरड

"शंभर कोरुना म्हणजे शंभर कोरुना," असं म्हणत रादिमने पंचवीस किलोचं पोतं स्वयंपाकघरातल्या फरशीवर धपकन टाकलं.

क्वेता बटाटे सोलत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "हे काय आणलंस आता?"

"माल्ट! मोड आणून वाळवलेले सातू. आणि अख्खे, बरं का. तो दुकानदार भरडून द्यायचे किलोमागे चार कोरुना जास्त लावतो. चार! दोन मिनिटं मशीन फिरवायची आणि पोत्यामागे शंभर कोरुना खिशात घालायचे. म्हटलं, ठेव बाबा तुझी मशीन तुझ्यापाशी. आम्ही घरी भरडू."

"कशात?"

दुकानापासून घरापर्यंत गाडी चालवताना रादिमने किती पोती, किती वर्षं, किती कोरुना वाचतील याचा सगळा हिशेब केला होता. हा एक प्रश्न तेवढा राहून गेला होता.

आमच्या लिपोव्का गावात घरी बिअर करणारे पाच-सहा जण तरी आहेत. रादिमची बिअर त्यातल्या त्यात पिण्यासारखी. ती होते सासूबाईंच्या तळघरात, कारण घर सासूबाईंचं. खाली ओटिलीबाई, वर लेक-जावई, आणि सगळ्यांच्या खाली रादिमची पातेली. ओटिलीबाईंनी तळघर दिलं तेव्हा एकच अट घातली होती. "माझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तूला हात लागला नाही पाहिजे. एक चमचा जरी जागचा हलला, तरी तुझी पातेली रस्त्यावर." बाई बोलल्या की बोलल्या. तळघर गेलं तर बिअर गेली, आणि त्या बिअरखेरीज रादिमला दुसरा शौक नाही, दुसरी सुटका नाही. नोकरी नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या.

आणि नेमक्या त्या आठवड्यात ओटिलीबाई घरी नव्हत्या. दरवर्षी गावजत्रेआधी त्या गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे गरम झऱ्यांच्या गावी जातात. शुक्रवारी परतणार होत्या. रविवारी जत्रा. आज बुधवार.

"रादिम," क्वेता म्हणाली, "तू आईच्या कपाटाकडे का बघतोयस?"

"कुठे? मी खिडकीकडे बघतोय."

"खिडकी या बाजूला आहे."

कपाटात ओटिलीबाईंची खसखस दळायची हातगिरणी होती. ओतीव लोखंडाची, हिरव्या रंगाची, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची. ती त्यांच्या सासूबाईंची. जत्रेला ओटिलीबाईंचे काळ्या खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, नाहीत असं आमच्या गावात कधी झालेलं नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतात, खिडकी उघडतात, आणि मग तासभर त्या गिरणीची घरघर अख्ख्या गल्लीला ऐकू येते. शेजारची हेद्विका तर घड्याळ लावून ऐकते. "हाताने दळलेली खसखस!" असं म्हणून ती दर कोलाच्यागणिक डोळे मिटते.

"शुक्रवारपर्यंत धुऊन पुसून जागेवर ठेवीन," रादिम म्हणाला. "त्यांना वासही येणार नाही."

"मला यात ओढू नकोस हं. मी काही पाहिलेलं नाही," क्वेता म्हणाली आणि बटाटे घेऊन वर गेली.

खसखशीच्या गिरणीचं तोंड केवढं? मूठभर धान्य मावेल एवढं. रादिम मूठ टाकायचा, हँडल फिरवायचा, पुन्हा मूठ टाकायचा. अर्ध्या तासात एक किलो झालं आणि उजवा हात खांद्यातून गेला. डाव्या हाताने पाव किलो झालं. एका वेळच्या बिअरला माल्ट लागतं पाच किलो. रादिम जमिनीवर बसला आणि विचार करायला लागला. विचार केला नसता तर बरं झालं असतं.

दहा मिनिटांनी तो शेजारच्या हूबर्टच्या दारात उभा. हूबर्ट म्हणजे हेद्विकाचा नवरा. माणूस देवमाणूस, पण कामाला हातभार लावायच्या आधी सल्ला देणारा.

"ड्रिल मशीन कशाला पाहिजे तुला?"

"जरा एक हँडल फिरवायचंय."

"मग मी येतो. मशीन नाजूक आहे माझी."

नाजूक कोण होतं ते पाच मिनिटांत कळलं. हँडल काढून दांड्याला ड्रिल जोडली, हूबर्टने बटण दाबलं, आणि माल्ट सरसर खाली उतरायला लागलं. "बघ! याला म्हणतात डोकं!" हूबर्ट ओरडला. चार किलो झालं, पाच झालं. रादिम हर्षाने शेवटची मूठ टाकत होता. त्या मुठीत सातूच्या दाण्याएवढा एक खडा होता.

कडाड्!

गिरणीचा दांडा एकीकडे, तोंड दुसरीकडे, आणि टेबलाच्या कडेचा टवका तिसरीकडे. स्वयंपाकघरात पांढरा धुरळा उडाला. तो खाली बसला तेव्हा हूबर्टच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"फुटली," हूबर्ट म्हणाला.

"दिसतंय मला!"

"ओतीव लोखंड आहे. वेल्डिंग धरणार नाही."

"हूबर्ट, हात जोडतो. हेद्विकाला बोलू नकोस."

"छे छे! माझ्या तोंडून एक शब्द नाही जाणार." मग त्याने पातेल्यात बोट घातलं आणि चिमटीत घेऊन पाहिलं. "पण अरे, हे काय केलंस? बिअरला भरड लागते, जाडीभरडी. टरफलं अख्खी राहिली पाहिजेत, त्यातूनच तर रस गाळून खाली येतो. तू तर पीठ पाडलंस."

"आता सांगतोस?"

"तू आता दाखवलंस."

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण पाच किलो माल्ट टाकून कसं द्यायचं? पैसे मोजलेले! रादिमने ते पीठ तळघरात नेऊन गरम पाण्यात कालवलं. तासाभराने पातेल्याच्या बुडाचा नळ उघडला, तर थेंब येईल तर शपथ. आत खळ झाली होती, पोस्टर चिकटवायला नेतात तशी. त्याने काठीने ढोसलं, नळात फुंकर मारली, तोंड भाजून घेतलं. शेवटी वरच्या बाथरूमचा जुना पडदा आणून त्यातून पिळायला गेला, तर पडदाही फाटला आणि खळ पायावर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असं आपण म्हणतो. इथे ते सगळं हूबर्टच्या कोंबड्यांनी खाल्लं. दोन दिवस कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत.

"आई तुला तळघरातून काढेल आणि मला घरातून," क्वेता म्हणाली. पाहिलं नाही म्हणणाऱ्या बाईला सगळं दिसलं होतं.

गुरुवारी रादिमने पोटात दुखतंय म्हणून रजा टाकली. खोटंही नव्हतं ते. जिल्ह्याच्या गावी एक जुन्या वस्तूंचा दुकानदार आहे. गेल्या गेल्या रादिमला फळीवर ती दिसली. तोच कारखाना, तोच हिरवा रंग, हँडलवर तसाच लाकडी गोळा. रादिमला रडूच यायचं बाकी होतं, आणि ते दुकानदाराने अचूक पाहिलं.

"सातशे."

"अहो, चिठ्ठीवर पाचशे लिहिलंय!"

"ती चिठ्ठी गेल्या महिन्यातली. जत्रेच्या आठवड्यात खसखशीच्या गिरणीला घासाघीस नसते, साहेब."

सातशे गिरणीचे, पेट्रोलचे दीडशे, पडदा वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण शुक्रवारी सकाळी गिरणी कपाटात होती, टेबलाच्या टवक्यावर टेबलक्लॉथ होता, आणि रादिमला दोन दिवसांनी जेवण गेलं.

ओटिलीबाई संध्याकाळी आल्या. गुडघे बरे होते, स्वारी खुशीत होती. कपाट उघडलं, बंद केलं. मग चहाचं आधण ठेवलं. रादिमने क्वेताकडे पाहून डोळा मारला.

शनिवारी सकाळी आठ वाजता खालून हाक आली. "रादिम! जरा खाली ये. एकटाच."

तो आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. गिरणी टेबलावर होती, तिचं तोंड उघडलेलं होतं.

"ही माझी गिरणी नाही."

"आई, असं कसं? तीच तर आहे. हिरवी."

"हिच्या आत खसखस आहे." त्यांनी बोट फिरवून काळं झालेलं टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"खसखशीच्या गिरणीत खसखस असणारच ना, आई?"

"माझीत नव्हती," ओटिलीबाई म्हणाल्या. "अठरा वर्षं नव्हती."

रादिमला काही कळेना. बाईंनी टेबलाखाली सरकवलेली आपली सूटकेस ओढली आणि उघडली. कपड्यांखाली एकावर एक रचून ठेवलेली पाकिटं. दळलेली खसखस, तयार, अर्धा-अर्धा किलो. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा गावच्या दुकानातून आणलेली.

"मग ती... दरवर्षीची घरघर?"

"रिकामी फिरवते. खिडकी उघडी ठेवून, हेद्विकासाठी." त्या खुर्चीत बसल्या. "माझ्या सासूने मरताना हातात दिली होती. टाकता येईना, दळता येईना. हे खांदे बघ. दर जत्रेला तासभर रिकामी गिरणी फिरवायची, या वयात! आता खरं सांग. माझी कुठाय?"

रादिमने डोळे मिटले. "फुटली, आई. मी माल्ट दळायला घेतली आणि... चूक झाली माझी. पातेली आजच बाहेर काढतो."

"दुरुस्त होण्यासारखी आहे?"

"नाही. तीन तुकडे."

"नक्की ना?"

"हूबर्टने पण पाहिली. ओतीव लोखंड आहे, वेल्डिंग धरणार नाही."

ओटिलीबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रादिम गुडघे टेकायच्या बेतात होता, तोच त्या म्हणाल्या, "सुटले गं बाई! सुटले एकदाची!"

मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज पुन्हा जागेवर आणला. "ऐक. जावयाने सासूची गिरणी मोडली, म्हणून यंदा दुकानची खसखस. असं मी चारचौघांत सांगणार. तू मान खाली घालून उभा राहायचंस. तळघर तुझंच. आणि ही आणलीस ना, ती आजच्या आज परत नेऊन दे. हेद्विकाने पाहिली तर मला पुन्हा हँडल धरावं लागेल!"

"आई, तुम्ही म्हणाल तिथे उभा राहतो."

"आणि माल्ट भरडूनच आणत जा रे गाढवा. चार कोरुना ना? मी तर पाकिटामागे वीस जास्त देते, आणि एकदाही वाईट वाटलं नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर अंगणात टेबलं मांडली, रादिमच्या मागच्या महिन्यातल्या बिअरचं पिंप उघडलं, कोलाचे आले. ओटिलीबाईंनी ठरल्याप्रमाणे दुःखी चेहऱ्याने सगळं सांगितलं. मग हेद्विकाने एक कोलाचा उचलला, लहानसा तुकडा तोंडात घोळवला, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"गेली," हेद्विका म्हणाली. "चव गेली! अठरा वर्षं तुझ्या हातचे खातेय, ओटिली. पहिल्या घासाला कळलं मला. दुकानची खसखस ती दुकानचीच! काय केलंस रे हे, रादिम? वाटोळं केलंस!"

"काय सांगू बाई," ओटिलीबाईंनी सुस्कारा सोडला आणि जावयापुढे आपला रिकामा ग्लास धरला.

मग सगळं टेबल त्याच्यावर तुटून पडलं. कोणी आडमुठा म्हणालं, कोणी चिकट म्हणालं, कोणी म्हणालं असल्या माणसाच्या हाती गाव पाणीपट्टी देतं. रादिम मान खाली घालून ग्लास भरत राहिला. नगरपालिकेत इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, पण इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या.