भरतीवाले दिनकरभावजी

नवी नवरी असताना मी माझ्या धाकट्या दिराला लष्करात भरती करायला चक्क समुद्रावर बोलावून घेतलं होतं. खोटं वाटेल, पण खरं आहे.

लग्नानंतर आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो होतो. लॉजची मालकीण म्हणाली, परवा अवस आहे, मोठी भरती असते, बघायला जा. आता आमच्या सातारा जिल्ह्यात भरती म्हणजे एकच. ग्राउंडवर धावायचं, छाती मोजून घ्यायची आणि मिलिटरीत जायचं. समुद्रालाही भरती येते हे भूगोलात वाचलं असणार, पण मॅट्रिक होताच मी पुस्तकं विकली आणि त्यांच्याबरोबर भूगोलही गेला. दिनकरभावजी तेव्हा वडूजच्या माळावर रोज पहाटे धावत होते. मॅट्रिक पास म्हणजे मी स्वतःला कलेक्टरीणच समजायची. नवऱ्याला पत्ता लागू न देता, सगळं श्रेय एकटीला मिळावं म्हणून, एसटीच्या ड्रायव्हरकडं निरोप धाडला: दाखले घेऊन ताबडतोब या.

आणि ते आले की. वजन भरावं म्हणून वाटभर केळी खात आले. किनाऱ्यावर एका कोळणीला त्यांनी विचारलं, रांग कुठं लागते. तिनं हात लांब करून समुद्र दाखवला.

दुसरा कुणी असता तर जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. भावजी मात्र दाखले काखेत धरून दिवसभर पाण्याकडं बघत उभे राहिले. पुढे मिलिटरीनं त्यांना घेतलं नाही, छाती कमी पडली. पण समुद्रानं त्यांना भरती करून घेतलं ते कायमचंच.

नंतर वडूजला त्यांनी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान घातलं. ज्या गावात विहिरीचा तळ दिसतो, तिथं बसून हा माणूस समुद्राच्या वेळा सांगायचा. आता तर मोबाइल आलाय. चहाच्या गाडीवर मधेच घड्याळ बघून म्हणतात, "लागली बरं का भरती." पोरं विचारतात, कुठल्या रेजिमेंटची, तात्या? आणि भरतीत नापास होऊन कुणी पोरगा मान खाली घालून आला, की त्याला चहा पाजून सांगतात, "ओहोटी हाय रं. पानी काय पळून जात न्हाई."

तर माझी नात सई लंडनला असते. आमचे हे आता नाहीत, म्हणून तिनं यंदा मला आणि भावजींना महिनाभर बोलावलंय आणि त्यात ब्रायटन नावाच्या गावी समुद्रावर दोन दिवस न्यायचं कबूल केलंय. झालं. बाकीचं लंडन तुमी बघा म्हणाले, आणि त्या दोन दिवसांची सगळी आखणी भावजींनी स्वतःकडं घेतली. दर शनिवारी साताऱ्याला माझ्याकडं येतात, सईला फोन लावायला लावतात आणि तिचा जीव खातात. शनिवार-रविवारीच का जायचं? सोमवारी काय समुद्र बंद असतो?

सईनं एकदा व्हिडिओ दाखवला. गोरी माणसं किनाऱ्यावर उन्हात आडवी पडलेली. भावजी किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ऊनच खायाचं तर खटाव तालुक्यात या म्हनावं. आमी अंगाव चादर बी देतो."

त्या व्हिडिओत त्यांना आणखी एक शोध लागला. तिथं वाळू नाही, सगळे गोटे. दुसऱ्याच दिवसापासून भावजी रस्त्याच्या कामाला आणून टाकलेल्या खडीच्या ढिगावर अनवाणी चालायला लागले. गावातल्या बायकांना वाटलं नवस बोललाय, त्यांनी पायांना लावायला हळद आणून दिली. भावजींनी ती लावूनही घेतली.

तिथले पक्षी म्हणे हातातलं खाणं पळवतात. त्यावर सांगलीचं भडंग न्यायचं ठरलंय, लसूण आणि तिखट जास्त घातलेलं. एकदा चोच घातली की ते पाखरू पुन्हा हिंदुस्थानच्या माणसाजवळ फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब आहे.

मी हे सगळं हसत ऐकायची. पण मागच्या महिन्यात माझा गुडघा फारच धरला. मी सांगून टाकलं, भावजी, मी लंडनला सईच्या घरी बसते, समुद्रावर तुम्ही दोघं जा. त्या गोट्यांवरून मला कुठं ओढत नेता? भावजी कपातला चहा तसाच ठेवून उठले आणि वडूजच्या गाडीला गेले. पुढचा शनिवार आला, भावजी आले नाहीत.

मग सईचा फोन. ती हसत होती, पण जरा कावलेलीही होती. म्हणाली, आजी, तात्यांनी परस्पर फोन करून सगळा बेत बदलायला लावला. ब्रायटनच्या हॉटेलातली वरच्या मजल्यावरची, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली त्यांनी स्वतः निवडली होती, ती सोडून आता तळमजल्यावरची घे म्हणतात, खिडकीतून मोटारी दिसल्या तरी चालतील. शिवाय किनाऱ्यालगतच्या बाकांना पाठ आहे का, बाकापर्यंत गाडी जाते का, वाटेत पायऱ्या किती, हे रोज विचारतात.

मला राहवलं नाही. पायाला पट्टा बांधला आणि एसटीनं थेट वडूज गाठलं. दुकान आता भाच्याकडं असतं. भावजी मागच्या खोलीत एकटेच भाकरी खात बसले होते. जाऊबाई गेल्यापासून त्या खोलीत एकच ताट धुवायला असतं. मी नेहमीसारखी थट्टा करायला गेले. म्हटलं, जन्मभर ज्याचा ध्यास घेतला तो समुद्र खिडकीतून घालवलात, तोही या म्हातारीच्या गुडघ्यापायी? सई आहे की सोबतीला.

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"सई पोर हाय, तिला फोटू काढायचं असत्यात. आन् समुद्र बघायला मला सोबत नगंच, वैनी. पर बघून मागारी वळलो, की 'कसा हाय?' म्हनून इचारनारं कोनतरी बसलेलं पायजे का न्हाई? हितं कवापास्नं कोन काय इचारत न्हाई."