सत्तर गुणांचा दात

"माझ्या नाण्याला हात कोणी लावला?" लॉइड हूकस्ट्रा इतक्या जोरात ओरडला, की जोलीनच्या तव्यावरचा पॅनकेक उलटताना अर्धा शेगडीवर गेला.

"कुठल्या नाण्याला?"

"मखमलीवरच्या! माझ्या डॉलरला!"

नाणं सोनेरी, पाठीवर बाळ बांधलेल्या बाईचं. पण टांकसाळीने त्याला खास झळाळी दिलेली: बाईचे केस लखलखीत, गाल मऊसर, मागची बाजू दुधाळ. असं नाणं तपासणाऱ्यांकडे पाठवायचं, त्यांनी ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून सत्तरपैकी गुण द्यायचे, हा लॉइडचा धर्म. आजवर त्याच्या प्रत्येक नाण्याला एकोणसत्तरच मिळाले होते. एकोणसत्तर म्हणजे नाणं उत्तम, पण नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबात तोंड दाखवायची सोय नाही. हे मात्र सत्तरचंच होतं. ते शोधताना भिंग लावून लावून त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसायला लागला होता. आज ते टपालात पडायचं होतं.

"अरे, ते मी हॅटीच्या उशीखाली ठेवलं," जोलीन म्हणाली. "काल तुला म्हटलं नव्हतं का, पोरीचा दात पडलाय, उशीखालचा दात नेऊन पैसे ठेवणाऱ्या परीच्या नावाने एक डॉलर काढून ठेव म्हणून? तू भिंगातून 'हं' म्हणालास. मला वाटलं, चला, बापाने एकदा तरी मनावर घेतलं. मखमलीवर ठेवलंय की!"

लॉइड काही बोलणार, तेवढ्यात हॅटी आली. पडलेल्या दाताच्या खिडकीत डॉलर बसतो का, हे ती जिभेने चाचपून बघत होती.

"कडेने! कडेने धर!" लॉइड किंचाळला.

"का?"

लॉइडने जोलीनकडे पाहिलं. जोलीनच्या हातात उलथनं होतं. परीबद्दल एक शब्द वाकडा गेला तर ते कुठे पडेल, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"बाळा, परीचा काहीतरी गोंधळ झालाय. हा मला दे, तुला दुसरे दोन देतो. नवेकोरे."

"नको. हा तिने माझ्या दातासाठी दिलाय." हॅटीने पॅनकेकच्या पाकाने बरबटलेल्या मुठीत डॉलर घट्ट धरला.

"तीन?"

"डॅडी, तुला स्वतःचे दात नाहीत का?"

शेवटी, ऑर्व्हिलकाका तुझ्या डॉलरला किती गुण देतात ते बघू, या बोलीवर ती चर्चच्या तळघरात यायला तयार झाली. तिथे शनिवारी क्लब भरतो. म्हातारा ऑर्व्हिल ब्रँड्स्मा सगळ्यांची नाणी आधी बघतो, आणि त्याने कधी कोणाच्या बायकोच्या वाढदिवसालाही जास्तीचा गुण दिलेला नाही.

त्याने दिव्याखाली नाणं फिरवलं. "इकडे अंगठा. इकडे पाक. आणि ही काय, जीभ?"

"हलकंसं धुतलं तर?" लॉइडने विचारलं.

नाणं धुणं म्हणजे क्लबात महापाप. एकाने तोंडाशी नेलेला डोनट खाली ठेवला.

"लॉइड," ऑर्व्हिल म्हणाला, "लेकरासमोर असलं बोलू नये."

"किती गुण, काका?"

"गुण नाहीत, पोरी. आता हा नुसता डॉलर."

लॉइडचा चेहरा उतरला. हॅटीचा त्याहून. रडू आवरायला तिने डोनटचा मोठा घास घेतला आणि तोंडात काहीतरी कडक लागलं. शेजारचा हलणारा दात! तिने तो फ्रॉकला पुसून दिव्याखाली ठेवला.

"मग याला किती?"

ऑर्व्हिलने भिंग चढवलं. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. "एकोणसत्तर. इथे बारीक डाग आहे."

"डाग?" लॉइड उसळला. "दिवा पूस तुझा! ही झळाळी बघ, ही कड बघ! एक ओरखडा दाखव!" सुती हातमोज्यांशिवाय नाण्याजवळ न जाणाऱ्या माणसाने तो ओला दात उघड्या बोटांनी उचलून सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला. असा कल्ला केला, की ऑर्व्हिलने वैतागून दात डबीत घातला आणि वर सत्तर लिहिले.

हूकस्ट्रांच्या घराण्यातले पहिले सत्तर. लॉइड ती डबी मांडीवर घेऊनच गाडीत जोलीनच्या शेजारी बसला.

"डॅडी," हॅटीने मागून विचारलं, "सत्तरचा दात परीला साध्या डॉलरवर द्यायचा?"

"छे! वेड लागलंय का?" लॉइड सवयीने बोलून गेला.

"मग तिला सांग, तसाच खास झळाळीचा आण. सत्तरचा. मी कडेने धरीन."

जोलीनने गाडी सुरू केली. "परी ऐकतेय हं," ती म्हणाली, आणि लॉइडकडे बघून गोड हसली.