बिसेन साहेबांचे लाल दोरे

बिसेन साहेबांच्या खोलीत मे महिन्यातही पंखा बंद असायचा. तोही गोंदियाचा मे! आम्ही घामानं निथळायचो. पण पंखा लावला की दोरे हलत, अन् दोरे हलले की साहेबांचा जीव खालीवर होई.

दोरे कशाचे, ते सांगते. आमच्या छोट्या कार्यालयात एक सॉफ्टवेअर बनत होतं. गरोदर बायांना दवाखान्यात कधी आणायचं, ती तारीख ते नर्सबाईंना सांगणार होतं. एका भिंतीवर साहेबांनी काढलेला आराखडा, नुसत्या चौकटीच चौकटी; प्रत्येकीत एक नियम आणि त्याचं कारण. समोरच्या भिंतीवर संगणकात प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडचे छापील कागद. कोणती ओळ कोणत्या चौकटीतून आली हे दिसावं म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल दोरे ताणलेले. चहावाले काका वाकून यायचे आणि शिव्या देत वाकूनच जायचे.

आम्हा पोवारांत सोयरीक जुळवताना आधी कूळ विचारतात. साहेब कोडलाही विचारायचे. "पटले मॅडम, हे ओळ कोन्या घरची? कायले आली?" उत्तर नसलं की ओळ गेलीच. संध्याकाळी घरी निघालेला माणूस फाटकापासून परत यायचा. "एखादी सुटून राहिली असन तं?"

त्यांची ही धास्ती मलाही लागली होती. दुसऱ्या दिवशी नागपूरहून तपासणारे येणार होते. चौकट नसलेली ओळ त्यांनी सरळ काढून टाकायची, हा नियमही साहेबांनीच करून घेतलेला. मी शेवटचं एकदा तपासत होते, आणि एका ओळीला दोराच सापडेना. ओळ अशी होती, की पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या एका गावची बाई असेल तर तारीख आठ दिवस अलीकडे घ्या. लिहिणारे खुद्द बिसेन साहेब.

"साहेब, हे ओळ कोन्या घरची?" मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "राहू द्या मॅडम."

"राहू कशी द्यायची? उद्या काढतील ना! चौकट काऊन नाही काढली?"

"चौकट काढली तं कारण लिहा लागते." मग एक सैल दोरा ताणत म्हणाले, "माह्या बहिणीले त्या गावी देलं होतं. दिवस भरले अन् नाला भरला. बाजेवर घेऊन काठावर बसले लोक. पानी उतरलंच नाही."

मला माझ्या चिडवण्याची लाज वाटली. मी स्केचपेन घेतला, भिंतीवर चौकट काढली आणि कारण लिहिलं, 'पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. मग पेन माझ्या हातातून घेतला. "एकच गाव काऊन? नाले तं लय हायेत." आणि खाली एकेक गाव लिहीत गेले. लिहिता लिहिताच म्हणाले, "शांता पान्याले लय भ्यायची, मॅडम. तळ्यावर न्यायचं म्हटलं तरी माहा हात सोडत नव्हती."

सहा वर्षं आम्ही शेजारी बसून डबे खाल्ले होते. साहेबांना बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं.