नऊ किलोची मूठ

नळ जरा घट्ट बंद करायचे, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं काही वाईट व्हावं असा माझा हेतू नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्या घरी हा विषय निघाला की सुरुवात नेहमी माझ्या हेतूपासूनच होते.

सातपूरला व्हॉल्व बनवणाऱ्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसात क्लार्क आहे. कोण किती वाजता आला, कोण रजेवर, कोण नुसताच गायब, हे मस्टरवर लिहायचं. (मी स्वतः कधी गायब होतो, ते लिहायची सोय मस्टरमध्ये नाही.) साल होतं नव्व्याण्णव. त्या दिवसांत सातपूर-अंबडला ज्या गेटपाशी चार माणसं उभी दिसतील तिथं एकच विषय असायचा, व्हीआरएस. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. त्यातली स्वेच्छा नेमकी कुणाची, ह्याबद्दल कुणालाच खात्री नव्हती. अशात एका सोमवारी नोटीस बोर्डावर कागद लागला की पुढच्या सोमवारी सर्वांच्या हाताच्या पकडीची ताकद आणि रक्तदाब तपासला जाईल.

कागद वाचून मी काही समजायच्या आत केरूनं त्याचा अर्थ सांगितला. केरू आमच्याकडे फिटर आहे. गंजलेला नट तो पान्याशिवाय काढतो आणि वर पान्याचीच कीव करतो.

"भाऊसाहेब, ही यादी बनवायची तयारी हाय," तो म्हणाला. "ज्याच्या हातात दम नाय तो घरी. आन् ज्याचं प्रेशर चढलं तोबी घरी."

"पण मी तर क्लार्क आहे. माझी पकड कशाला बघतील?"

केरूनं माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"मंग तुमचं तर लयच अवघड हाय," तो म्हणाला.

मला खरंच भीती वाटली. विनोद सोडून सांगतो. चौदा वर्षांची नोकरी, सिडकोतलं हप्त्यावरचं घर, मुलगी सातवीत, आणि हाताला दुसरं काम म्हणाल तर मस्टर लिहिणं. जगात मस्टर लिहिणाऱ्यांची वाट बघत कुणी बसलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा पकड वाढवायची असं मी ठरवलं. मोहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, काही सांगायचं नाही असंही ठरवलं. तिला काळजी लागू नये म्हणून. (तिनं हसू नये म्हणून.) व्यायामाचं स्प्रिंगवालं यंत्र आणावं तर घरात चौकशी झाली असती. मग डोक्यात आलं की घरात पाच नळ आहेत. जाता-येता प्रत्येक नळ पूर्ण ताकदीनं आवळायचा, मनात दहा आकडे मोजायचे, सोडून द्यायचा. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

"अहो, बाथरूमचा नळ कुणी आवळलाय एवढा?"

"गळत होता."

"कुठं गळत होता?"

"म्हणजे, आता गळणार नाही."

मोहिनी नळ उघडून कामाला लागली. तो तिनं किती सहज उघडला, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी तेव्हा लोणच्याच्या बरणीचं झाकण आवळत होतो.

बुधवारी नवीनच भानगड निघाली. कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर गोटीराम माझ्या ओळखीचा. सहज म्हणून त्याच्याकडून प्रेशर मोजून घेतलं. एकशे अडतीस निघालं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, आता मूठ आवळतो, पुन्हा मोज. श्वास रोखून मूठ आवळली, तर एकशे अठ्ठावन्न.

"असंच असतं," गोटीराम म्हणाला. "दम धरून जोर लावला की चढणारच."

मी दवाखान्यातून बाहेर पडलो ते डोकं धरूनच. मूठ आवळावी तर प्रेशर चढतं, प्रेशर सांभाळावं तर मूठ सुटते. दोन्हीकडून रस्ता थेट घरी जात होता. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. बसमध्ये नाडी मोजायचो, मस्टर लिहिताना टेबलाची कड आवळायचो, कुणी नमस्कार केला तरी हा आधी यादीत डोकावून आलाय की काय असं वाटायचं. मिसळीवर पाणी सोडलं. घरी सांगितलं, माझी भाजी अळणी कर.

"अळणी? तुम्हाला?" मोहिनी म्हणाली. "काय झालंय, नीट सांगा बघू."

"कुठं काय झालंय?"

"परवा तुम्ही झोपेत माझं मनगट आवळत होतात."

"प्रेमानं," मी म्हटलं. हे उत्तर तिला आणखीच संशयास्पद वाटलं असावं, कारण लग्नाला पंधरा वर्षं झाली होती.

रविवारी सरावाची उजळणी केली. नुसतं बंद करण्याच्या दिशेनं आवळून एकच बाजू तयार होत असेल, असं वाटून अंगणातला मेन कॉक मी उघडण्याच्या दिशेनं आवळला. तो जिथं थांबतो त्याच्याही पुढं नेला. फार समाधान वाटलं.

आणि सोमवार उजाडला. सहाला पाणी आलं. मोहिनी दूध आणायला गेली होती, मुलगी शाळेत. मी स्वयंपाकघरातल्या नळापाशी उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं, श्वास घेतला आणि शेवटचा सराव म्हणून जोर लावला. कट् असा आवाज झाला. नळाचं वरचं अख्खं डोकं माझ्या हातात आलं आणि पाणी छताला जाऊन लागलं.

व्हॉल्वच्या कंपनीत चौदा वर्षं काढलेल्या माणसानं अशा वेळी काय करावं? मेन कॉक बंद करावा. पण तो आदल्या दिवशी मीच आवळून ठेवलेला होता, आणि पान्याची पिशवी माळ्यावर होती. म्हणून मी हाताचा तळवा नळाच्या भोकावर दाबून धरला. तळवा जरा हलला की बाजूनं फवारा उडायचा. डब्यांवर, गव्हाच्या पिठावर, देवाच्या तसबिरीवर, माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. मी तसाच उभा होतो. पंचवीस मिनिटं.

मोहिनी आली. दारातच थांबली.

"मेन कॉक बंद का नाही केला?"

"तो फिरायचा नाही. आवळलाय. माळ्यावरून पाना काढ."

ती बाहेर गेली. क्षणात पाणी थांबलं.

"पाना कुठं सापडला?" मी विचारलं.

"पाना कशाला? हातानं फिरवला," ती म्हणाली. "आता सांगा. खरं काय ते."

मग मी सगळं सांगितलं. तपासणी, यादी, केरू, अळणी भाजी. मला वाटलं होतं ती हसेल, पण ती हसली नाही. टॉवेल घेऊन माझा हात कोरडा करायला लागली. हात पांढराफटक पडला होता आणि बोटं मिटत नव्हती.

"एवढं मनात घेऊन बसलात," ती म्हणाली, "आणि बोललात ते नळाशी."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यातल्या त्यात बरंही वाटलं. रोजची बस केव्हाच गेली होती, आणि स्कूटर काढायला गेलो तर ॲक्सिलरेटर पिळता येईना. शेवटी मोहिनीनं रिक्षा बोलावली आणि स्वतःही माझ्याबरोबर बसली.

दवाखान्यात रांग होती. तपासणीला बाहेरून एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या होत्या, निकिता नावाच्या. टेबलावर पकड मोजायचं यंत्र होतं, हात सोडला तरी काटा आकड्यावरच थांबून राहणारं. केरूनं ते दाबलं तेव्हा काटा छप्पन्नवर गेला. मग माझी पाळी आली.

"दाबा जोरात," मॅडम म्हणाल्या.

मी दाबलं. काटा नऊ किलोवर जाऊन थांबला.

"दाबताय ना?"

"दाबतोय."

"पूर्ण ताकदीनं?"

मागं कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मॅडमनी घाईघाईनं प्रेशर मोजलं. एकशे बाहत्तर. त्यांनी मला तडक कॉटवर झोपवलं, तेव्हा दाराशी उभी असलेली मोहिनी आत आली आणि नळाची सगळी हकिगत त्यांना सांगितली. सगळी. रांगेनं ती शांतपणे ऐकून घेतली.

"आणि हे एवढंच दाबायचं असतं का?" मोहिनीनं विचारलं, यंत्र उचललं आणि दाबून पाहिलं.

काटा छत्तीसवर गेला. मॅडमना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी पुन्हा दाबायला लावलं, तर अडतीस. प्रेशर घेतलं, एकशे सोळा.

"तुम्ही काय काम करता?" मॅडमनी विचारलं.

"घरीच असते. पण माहेर सायखेड्याचं. लग्नाआधी सकाळ-संध्याकाळ चार म्हशींची धार काढायचे. आता कपडे पिळते, कणीक मळते," ती म्हणाली आणि जरा थांबली. "आणि आठवडाभर नळ उघडते."

तेवढ्यात आमचे पर्सोनेल ऑफिसर पिंगळेसाहेब स्वतःच्या तपासणीसाठी आत आले. त्यांना बघताच माझा धीर सुटला. मी कॉटवरूनच म्हणालो, "साहेब, मला व्हीआरएसच्या यादीत घालू नका. माझा हात रोज असा नसतो."

पिंगळेसाहेबांना काहीच कळेना. मग मॅडमनी समजावून सांगितलं. ज्या कामगारांची पकड चांगली, त्यांचं प्रेशर कमी असतं का, एवढंच त्यांना अभ्यासासाठी बघायचं होतं. आकडा कुणाचा, हे कंपनीला कळणारही नव्हतं.

(म्हणजे माझा आकडा सोडून. तो आता पेंटशॉपपर्यंत पोचला होता.)

"अहो गायधनी," पिंगळेसाहेब म्हणाले, "व्हीआरएसला माणसानं आपणहून अर्ज करायचा असतो. तुमचं नाव तर आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं." मग थोडा विचार करून म्हणाले, "हवा आहे का अर्ज?"

"नको," मोहिनी म्हणाली.

साहेबांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग यंत्राच्या काट्याकडे पाहिलं, तो अजून अडतीसवरच होता. "वहिनी," ते म्हणाले, "पॅकिंगला आम्ही बायका घेतोय. व्हॉल्वच्या टोप्या हातानं आवळायच्या असतात. येता का?"

अशा रीतीनं माझी नोकरी राहिली आणि मोहिनीला लागली. सकाळी आम्ही एकाच बसनं जातो. तिची हजेरी मी लावतो. संध्याकाळी कणीक मळायचं काम माझ्याकडे आलंय. मॅडमनीच सुचवलंय ते, पकडीसाठी.

वर्षभरानं मॅडम पुन्हा आल्या. ह्या वेळी कामगारांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. दाराशी गोटीराम यादी घेऊन उभा होता. मोहिनी कामगारांच्या रांगेत केरूच्या पुढं उभी राहिली, मी तिच्या मागं. गोटीरामनं मला बाजूला घेतलं.

"भाऊसाहेब, तुम्ही तिकडं. घरच्यांच्या रांगेत."

"अरे, मी इथला क्लार्क आहे. तुझी हजेरी रोज मीच लावतो."

"मला माहीत आहे. पण यादी मॅडमनी मागच्या आकड्यांवरून केलीय," तो म्हणाला आणि यादी माझ्यापुढं धरली. मोहिनी गायधनी, पॅकिंग. तिच्याखाली कंसात, पती.

वाद घातला तर प्रेशर चढलं असतं, म्हणून मी मुकाट्यानं जाऊन बाकावर बसलो. तिथं सगळ्या बायकाच होत्या. केरूची बायको बयाबाई हिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं सरकून जागा दिली.

"भाऊ, तुमच्या घरचं कोण हाय इथं कामाला?"

"बायको," मी म्हटलं.

"बरं हाय," बयाबाई म्हणाली. "घरात एक तरी कमावतं पाहिजे."