निकाली काढलेल्या सासूबाई

हेडक्लार्कांनी कामांच्या यादीचं अॅप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि स्वतःच्या फोनवर घेतलं, त्याला कारण सासूबाई. मागच्या खेपेला ते त्यांना स्टेशनवरून आणायला विसरले होते आणि त्या दोन तास बाकावर बसून राहिल्या होत्या.

"अहो, या वेळी विसरलात ना," बायकोने बजावलं, "तर या घरात तुमच्या शब्दाला काडीची किंमत राहणार नाही."

मुळात ती किती होती, हा विचार हेडक्लार्कांनी मनात आल्याआल्याच झटकून टाकला. त्यांनी यादीत लिहिलं, 'सासूबाईंना स्टेशनवरून आणणे, पाच वाजता.' यादी बायकोच्या फोनवरही दिसेल अशी सोय केली.

"आता विसरायची माझी बिशाद नाही," ते म्हणाले.

घोटाळा केला तो सवयीने. कागद आपल्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर सरकला की काम निकाली, हे बावीस वर्षांत त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्या दिवशी चार वाजता कॉम्प्युटरवर ते एकच काम उरलं होतं. आता निघणारच आहोत, असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. पडद्यावर अक्षरं आली, 'शाब्बास! आज एकही काम बाकी नाही.' घरीदारी त्यांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. ते हरखले.

तेवढ्यात साहेबांनी एक जुनी फाइल मागितली. ती शोधण्यात पाऊण तास गेला. बाहेर पडताना त्यांनी फोन पाहिला, तर तोही म्हणाला, एकही काम बाकी नाही. हेडक्लार्क शीळ घालत न्हाव्याकडे दाढी करायला गेले. (हे सगळं इतकं बारकाईने कसं ठाऊक, असं कुणी विचारू नये.)

डावा गाल झाला आणि बायकोचा तिच्या ऑफिसातून मेसेज आला. 'खूण बघितली. थँक्यू हो! आईला चहा द्या.'

"कुणाच्या आईला?" हेडक्लार्क पुटपुटले, आणि गळ्यातल्या टॉवेलसकट पळत सुटले.

"साहेब, उजवा गाल राहिला!" न्हावी ओरडला.

स्टेशनवरचा बाक रिकामा होता. प्रामाणिकपणाचा झटका येऊन त्यांनी यादीतली खूण काढून टाकली. लगेच फोन वाजला.

"अहो, आई परत गेली का? काय बोललात तिला?"

"छे, छे!" त्यांनी घाबरून पुन्हा खूण केली.

"आता परत आली म्हणतंय!"

"नेटवर्क," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते मान खाली घालून घरी पोचले. शेजारणीकडून किल्ली घेऊन सासूबाई केव्हाच आत आल्या होत्या आणि खुर्चीत बसून चहा पीत होत्या.

"आई, मी गाढव आहे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांना खरंच लाज वाटत होती.

"बसा, जावईबापू. आधी तो साबण पुसा." सासूबाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढून पुढे केली. पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या होत्या. 'चष्मा घेणे. औषधं घेणे. जावई विसरतील, स्टेशनवरून बसने जाणे.' तिन्हींपुढे खुणा होत्या.

"ही तिसरी खूण घरी पोचल्यावर केलीत?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "तिन्ही एकदमच केल्या, तिकडून निघताना."