लॉनवरचं हत्यार

छगनभाऊंनी सकाळी गवतावर बादलीभर पाणी ओतलं. ते जागच्या जागीच साचून राहिलेलं पाहून त्यांचं डोकं तापलं. शहाद्यातल्या त्यांच्या घरापुढे आठ-दहा खाटा मावतील एवढंच लॉन होतं. गल्लीतली पोरं त्यावर क्रिकेट खेळत, येणारे-जाणारे मोटारसायकली लावत. माती तुडवून तुडवून ओट्यासारखी चोपली गेली होती. पाणी मुळापर्यंत जाणार कुठून?

खरं तर भाऊ कालपासूनच तापलेले होते. बहीण रंजना हिची मुलगी भाविका, तिचं उद्या लग्न. आणि मेहुणे मोतीलाल यांनी सख्ख्या मामाला पत्रिका पाठवली ती मोबाईलवर, खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकून.

"नवरीना मांगे मामा म्हनीसन कोन उभा ऱ्हाई? मोबाईल?" भाऊ बायकोला म्हणाले. "मी येवाव नही."

"मंग घरमा बसीसन काय करशात?" कौसाबाईंनी विचारलं.

"मन्हं लॉन सुधारसू."

त्यांनी अवजारांचं दुकान चालवणाऱ्या नवनीतला फोन लावला. नवनीतने नीट समजावलं. गवताच्या बुडाशी वाळक्या काड्यांचा थर साठला असेल, तर तो बारीक तारेच्या दाताळ्याने ओरबाडून काढायचा. माती घट्ट झाली असेल, तर दात्यांचा काटा पायाने दाबून भोकं पाडायची. भरीव दाता माती नुसती बाजूला रेटतो, पोकळ दाता मातीची गुल्लीच बाहेर काढतो. आणि आधी पाणी मारून जागा चांगली मऊ करायची.

हे सगळं फोनमध्ये राहिलं. भिंतीपलीकडे कुरडया वाळत घालणाऱ्या तापीबाईंना फक्त भाऊंचा आवाज ऐकू येत होता. आणि गावात लॉन म्हटलं की कुणाला गवत आठवत नाही. लॉन म्हणजे हायवेवरचं लग्नाचं लॉन. भाविकाचं लग्नही तिथेच होतं.

"लॉनवर हत्यार लागी," भाऊ रागाने सांगत होते. "भरीव नको, पोकळ पायजे. खुपसं का आतलं बाहेर उनं पायजे."

तापीबाईंच्या हातातली कुरडई मोडली.

"चार बोटं आत गयं तरी बस. पयले ओरबाडसू, मंग भोके पाडसू. सकायले. एक बी जागा सोडाव नही."

तापीबाई कुरडया कावळ्यांवर सोडून निघाल्या. मोतीलालच्या दारापर्यंत पोचेतो एका हत्याराचं पोतं झालं होतं.

"हत्यार? मन्ही आंडेरना लग्नमा?" मोतीलाल खवळले. "पोलिसले फोन लावस."

"लावा," रंजनाबाई त्यांच्याहून जास्त खवळल्या. "मंग मी बी लग्नमा उभी ऱ्हावाव नही. मन्हा भाऊले घर जाईसन कुंकू लावा, सांगं व्हतं का नही? तुम्हीन अंगठावरी पत्रिका धाडी."

संध्याकाळी छगनभाऊ लॉनवर पाइपाने पाणी मारत होते. जमीन आत्ता कुठे मऊ पडली होती. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि सगळं वऱ्हाडच उतरलं. पुढे मोतीलाल, हातात ताट, ताटात कुंकू, तांदूळ, नारळ आणि टोपी. मागे रंजनाबाई, नवरी, तिच्या मैत्रिणी आणि मजा बघायला तापीबाई. सगळे सरळ लॉनवर चढले.

"खाले उतरा," भाऊ गरजले.

"भाऊ, पयले सांगा, हत्यार कोठे शे?" मोतीलालनी ताट छातीशी धरलं.

"नवनीत धाडी ऱ्हायना."

"म्हंजे खरंच शे. कोनासाठे?"

"तुम्हीन ज्यावर उभा शेतस, त्यानासाठे."

मोतीलालनी घाबरून खाली पाहिलं. "पायसाठे?"

"गवतसाठे," भाऊ म्हणाले. "भोके पाडानी शेत. लॉनले. ह्या लॉनले."

सगळ्यांनी खाली पाहिलं. गवतच होतं. तापीबाई एकदम आभाळात काहीतरी शोधू लागल्या.

"ह्या बाईमुळे मी अर्धा दिवस बीपीन्या गोळ्या खाई ऱ्हायनू," मोतीलाल म्हणाले.

"आनि तुम्हना मोबाईलमुळे मी," भाऊ म्हणाले. टोपी घ्यायला मात्र त्यांनी मान वाकवली नाही.

तेवढ्यात भाविका ओरडली, "मामा, मन्ही टाच फसनी."

लग्नात चालताना तोल जाऊ नये म्हणून ती सकाळपासून नव्या उंच टाचांच्या सँडल घालून फिरत होती. भाऊ तिला हात धरून ओढायला गेले ते रागानेच. टाच निघाली. भाऊ खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले. भोक सरळ, गोल, स्वच्छ होतं. त्यांनी बोट घालून पाहिलं. साचलेलं पाणी त्यात गुडूप झालं.

"दुसरा पाय ठेव," ते म्हणाले. "त्यानापुढे पयला. आते मांगे फिर. मैत्रिनीसले बी सांग."

पोरी हसत हसत गवतावर येरझाऱ्या घालू लागल्या. भाऊ अजून वाकलेलेच होते, ती संधी साधून मोतीलालनी त्यांना कुंकू लावलं आणि टोपी घातली. भाऊंनी ती नीट बसवली, पण नजर लॉनवरून हलवली नाही.

मग त्यांनी फोन लावला. "नवनीत, ते खुपसानं ऱ्हाऊ दे. दाताळं तेवढं धाड."

"काबर काका? दुसरं मियनं का?"

"मियनं. भरीव शे," भाऊ चिडूनच म्हणाले. मग त्यांनी येरझाऱ्या घालणाऱ्या भाविकाकडे पाहिलं. "पन सकाय सासरले जाई ऱ्हायनं. आजच वापरी लेस."