गड्डम मॅडम आणि मटाराएवढी ग्रंथी

आमच्या सोसायटीत कुणाचंही बारसं असो, आत्यानं बाळाच्या एका कानात 'कुर्र' केलं की दुसऱ्या कानाशी गड्डम मॅडम वाकायच्या आणि विचारायच्या, "पिट-वन चालू झाला ना रे राजा?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तेलुगूत आशीर्वाद देताहेत.

मॅडम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. प्राणिशास्त्रात म्हणे गांडुळापासून हत्तीपर्यंत सगळं येतं. मॅडमचं शास्त्र मात्र मेंदूखाली लोंबणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीपाशी सुरू होऊन तिथंच संपायचं. भाजीच्या गाडीवर मटाराची शेंग सोलून दाणा तळहातावर धरायच्या. "एवढीशीच असते बघा. पण सगळ्या शरीराची मालकीण!"

"मालकीणबाई पाव किलो देऊ का अर्धा?" भाजीवाला विचारायचा.

मॅडमच्या वडिलांचा चादरींचा कारखाना होता, त्यामुळं उदाहरणंही तिथलीच. "पोटातल्या बाळाच्या ग्रंथीत आधी सगळ्या पेशी सारख्या. नुसतं कोरं सूत. मग एकापाठोपाठ एक जीन कामाला लागतात. जकार्डच्या मागावर भोकांचे पत्ते फिरतात की नाही? भोकं कुठं, त्यावर चादरीत मोर उतरतो नाही तर कमळ. तसंच हे. प्रॉप-वन नावाचा जीन पिट-वन नावाच्या जीनला उठवतो. पिट-वन एकीला म्हणतो, तू वाढीचं हार्मोन कर. दुसरीला म्हणतो, तू दुधाचं. तिसरीला, तू थायरॉइडला हाक मार. एक पत्ता फाटला की बिघडली चादर!"

आम्ही माना डोलवायचो आणि लिफ्ट लवकर यावी म्हणून बटण दाबत राहायचो.

माझी गौरी तेव्हा दुसरीत होती. दोन वर्षं तोच फ्रॉक तिला बसत होता आणि मी ते कौतुकानं सगळ्यांना सांगत होते. मॅडमनी मला जिन्यात गाठलं. "हे कौतुक नाही हो, काळजी आहे. डॉक्टरकडं न्या."

मोहोळहून आलेल्या सासूबाईंनी हात झटकला. "आमच्यात समदी बुटकीच हायत. वाढंल की!"

"आजी, तुमच्यातली वाढून बुटकी झाली. ही वाढतच नाही!" मॅडम म्हणाल्या.

मला राग आला. मी दार उघडेनाशी झाले. मग मॅडम बंद दारातून ओरडायला लागल्या, "हाताचा एक्स-रे तरी काढा, हाडांचं वय कळतं!" सगळ्या मजल्यांवर गौरीचा हात मोडल्याची बातमी पसरली. शेवटी मॅडमचं तोंड बंद व्हावं म्हणून आम्ही डॉक्टरकडं गेलो.

तपासण्या झाल्या. वाढीचं हार्मोन फारच कमी निघालं. रोज इंजेक्शन घ्यायचं, तेही कित्येक वर्षं. मी रडायला लागले तर मॅडम माझ्यावरच खेकसल्या, "रडता काय? आता औषध मिळतंय की!"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या सुई टोचायला आमच्याकडं येऊ लागल्या. "चला गौरीबाई, पिट-वन आजपण रजेवर आहे. त्याची ड्यूटी आपण करू." गौरी हसायच्या आत सुई टोचून झालेली असायची.

हळूहळू फ्रॉक आखूड झाला. मग दुसराही झाला. तेव्हा गौरीला घेऊन मी पेढे द्यायला गेले. मॅडमच्या घरात आम्ही कुणी कधी गेलो नव्हतो. आजारी भाऊ असतो, एवढंच ऐकून होतो.

दार त्यानंच उघडलं. केस पांढरे, चेहरा सुरकुतलेला आणि उंची गौरीएवढी.

"हीच का गौरी?" तो हरखून म्हणाला. "मी नरसिंग. रोज तुझंच ऐकतो. ये, पाठीला पाठ लाव!"

दोघं ताठ उभे राहिले. मॅडम हातात झारा घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"अक्का, कोण उंच?"

मॅडमनी दोघांच्या डोक्यांवर तळहात आडवा धरला. "गौरी," त्या म्हणाल्या. "दोन बोटं."

"जिंकली!" नरसिंगनं टाळ्या वाजवल्या. मग हळूच मला म्हणाला, "अक्का माझ्यासाठीच हे सगळं शिकली हो. तिला कळलं, पण तोवर माझं वाढायचं वय सरलं होतं."

"चहा टाकते," म्हणून मॅडम आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं. मॅडम पेलासुद्धा तांब्यातल्या पाण्यानं विसळतात. तो नळ मात्र वाहतच राहिला.

नरसिंगनं गौरीला अर्धा पेढा भरवला, अर्धा स्वतः खाल्ला आणि मला म्हणाला, "बसा की वहिनी. चहाला थोडा वेळ लागंल."